लेबल खरे होते

खोट्या गोळीविरुद्ध कायदा लिहिणे सोपे असते. पाकिटावर एक, पोटात दुसरेच. नाव नामांकित कंपनीचे, माल कुठल्यातरी तळघरातला. अमेरिकेत सध्या अशाच गोळीने लोकप्रतिनिधींची झोप उडवली आहे. दिसायला डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामकासारखी, आत अफूच्या जातीचे फेंटानिल. त्याचे दोन मिलिग्रॅमही माणसाला मारायला पुरेसे ठरू शकतात. तिथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने २०२३ मध्ये फेंटानिल असलेल्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दहांपैकी सात गोळ्यांत जीव जाऊ शकेल एवढी मात्रा निघाली. मग गोळ्या पाडणाऱ्या यंत्रांवर आणि त्यांच्या साच्यांवर कायद्याचे लक्ष गेले, शिक्षा वाढवायची विधेयके आली, फेंटानिलच्या साऱ्या भाऊबंदांना एकाच यादीत टाकणाऱ्या कायद्यावर जुलै २०२५ मध्ये सही झाली. सप्टेंबरात तर दोन भारतीयांवर आणि त्यांच्याशी संबंधित ऑनलाइन औषधविक्रीवर, अशाच बनावट गोळ्या पाठवल्याच्या आरोपावरून, अमेरिकेच्या अर्थखात्याने निर्बंध घातले.

हे वाचून ‘आपल्याकडेही असाच कडक कायदा हवा’ असे म्हणणारे लगेच पुढे येतात. त्यांनी आधी पालघरला एक चक्कर मारावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारांनी घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा माग काढला. टाफ्रोडॉल, टिमाकिंग, सुपर रॉयल-२२५ अशी त्यांची नावे. फटाक्यांच्या पाकिटांवर शोभतील अशी. माग मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीपर्यंत आला आणि कंपनीचा कारखाना निघाला पालघरात. गोळीत दोन औषधे होती. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचे जोरकस वेदनाशामक, आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे. कॅरिसोप्रोडॉलची सवय लागते म्हणून २००७ मध्ये युरोपीय औषध यंत्रणेने त्याची विक्री थांबवायची शिफारस केली होती. दोन्ही एकत्र पोटात गेली की गुंगी येते, झटके येतात, श्वास मंदावतो आणि मात्रा चढली तर थांबतो. या जोडगोळीला जगात कुठेच मान्यता नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या कंपनीच्या संचालकाने गोळी प्रकृतीला फार वाईट असल्याचे मान्य केले आणि हल्ली धंदा असाच चालतो, अशा अर्थाचे उत्तर दिले.

पुढच्या हालचाली मात्र वेगाने झाल्या. २१ आणि २२ फेब्रुवारीला केंद्राच्या औषध नियामकांचे आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे संयुक्त पथक कारखान्यात पोचले. सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल आणि कच्च्या औषधाच्या २६ बॅच सील झाल्या, काम थांबवण्याचा आदेश निघाला. भारताच्या औषध महानियंत्रकांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून या मिश्रणाच्या निर्मितीच्या परवानग्या आणि निर्यातीची ना-हरकत प्रमाणपत्रे मागे घ्यायला सांगितले.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. मागे तेच घेता येते, जे आधी दिलेले असते.

म्हणजे या प्रकरणात कोणी तळघरात चोरून गोळ्या पाडत नव्हते. कारखाना परवान्याचा होता, माल बंदरातून कागदपत्रांसह जात होता, निर्यातीच्या नोंदी इतक्या उघड होत्या की कंपनीचा आणि तिच्या भगिनी-कंपनीचा माल कुठे जातो हे पत्रकारांना त्यांतच दिसले. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट अशी, की गोळीत तेच होते जे पाकिटावर लिहिले होते.

आता १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा काढून बसा. त्यात बनावट औषधाची व्याख्या आहे: दुसऱ्याच्या नावाने बनवलेले, दुसऱ्याची नक्कल केलेले, ज्याचे म्हणून सांगितले त्या उत्पादकाचे नसलेले. भेसळीची व्याख्या आहे. चुकीच्या लेबलाची आहे. २००८ च्या दुरुस्तीने शिक्षाही जबर केली. बनावट किंवा भेसळयुक्त औषधाने जीव गेला किंवा गंभीर इजा झाली, तर किमान १० वर्षे, कमाल जन्मठेप, दंड किमान १० लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल ते. त्याही आधी, २००३ मध्ये, डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने बनावट औषधे करणाऱ्यांना फाशीची शिफारस केली होती. संसदेने ती जन्मठेपेवर आणली. फाशी की जन्मठेप यावर तेव्हा बरीच शाई सांडली. त्याच समितीची दुसरी शिफारस होती, दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा. तिच्यावर कोणी अग्रलेख लिहिल्याचे स्मरत नाही. निरीक्षक नेमायला पैसे लागतात. फाशीची तरतूद फुकटात होते.

हा सगळा कडकपणा खोटेपणाविरुद्ध आहे आणि तो लागतोच. नागपूरचे उदाहरण ताजे आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधच नव्हते. टाल्कम पावडर आणि स्टार्च दाबून गोळ्या पाडल्या होत्या. बनवणारी म्हणून पाकिटावर छापलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. २०२४ च्या शेवटी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातही बनावट प्रतिजैविक सापडले. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची सालटी काढली; त्या अहवालानंतरही हे होते. तेव्हा बनावटगिरीच्या कलमांना कोणी हात लावू नये.

पण नागपूरच्या गोळीत काहीच नव्हते आणि पालघरच्या गोळीत लिहिले तेवढे सगळे होते. पहिलीसाठी कायद्यात जन्मठेप आहे. दुसरी त्या कलमात बसत नाही, कारण तिने कोणाला फसवलेले नाही. ‘इतर उल्लंघन’ या सदरात, २७ (ड) या कलमाखाली, तिला एक-दोन वर्षांची शिक्षा आणि २० हजारांपासूनचा दंड आहे. आणि ते कलमही २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तडजोडीने मिटवण्याजोगे करून ठेवले आहे. १.३ कोटी गोळ्या आणि २० हजार रुपये! एका गोळीला दंडाचा हिशेब पैशातही मांडता येणार नाही.

मग अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा? तो तर कठोर आहे, व्यावसायिक प्रमाणात माल सापडला तर १० ते २० वर्षे सक्तमजुरी. त्याचा दरारा याच जिल्ह्याने पाहिला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यातून सातशे किलो मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतले एमडी, उचलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोखाड्याच्या एका फार्महाउसवर एमडीचा कारखाना सापडला. अशा वेळी टेबलावर पुड्या मांडून पत्रकार परिषद होते, आकडा कोटींत सांगितला जातो, आरोपी तोंडाला फडके बांधून उभे. कारण मेफेड्रोनचे नाव २०१५ पासून त्या कायद्याच्या यादीत आहे. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल ही दोन्ही नावे, छापा पडला तेव्हा, त्या यादीत नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्याच निवेदनात ते नमूद आहे. अमेरिकेत ही दोन्ही औषधे नियंत्रित यादीत आहेत. मोखाड्याचा एमडीवाला गुन्हेगार आणि पालघरचा निर्यातदार, यांच्यातला फरक रसायनशास्त्रातला नाही, राजपत्रातला आहे.

आणि हा धंदा राजपत्र नीट वाचतो. टॅपेंटाडॉलच्या आधी पश्चिम आफ्रिकेत भारतीय ट्रॅमाडॉल जात असे. मे २०१७ मध्ये इटलीतल्या जिनोआ बंदरात, ब्लँकेटे आणि शाम्पू म्हणून पाठवलेल्या कंटेनरांत भारतातून निघालेल्या ३.७ कोटी ट्रॅमाडॉल गोळ्या सापडल्या. माल लिबियाला चालला होता. बोभाटा झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये भारताने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या यादीत घातले. नायजेरियानेही निर्बंध आवळले. मग काय झाले? रांगेत पुढे उभे असलेले टॅपेंटाडॉल आले. ते ट्रॅमाडॉलपेक्षा जोरकस आणि यादीबाहेरचे. उद्या टॅपेंटाडॉल यादीत गेले की तिसरे काही येईल. सरकार एकेक नाव लिहीत बसते आणि कारखानदार रेणू बदलून मोकळा होतो. अमेरिकेच्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला त्याने एकेका नावाऐवजी फेंटानिलसदृश संयुगांचा अख्खा गट बंदिस्त केला. अमेरिकेकडून नक्कल करायचीच तर साच्यांवरच्या विधेयकांची नको, या युक्तीची करावी. अर्थात सरसकट गट बांधला की कर्करोगाच्या रुग्णाला लागणाऱ्या वेदनाशामकाचीही वाट अडते. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने आपल्याकडे मॉर्फिन किती दुर्मिळ झाले होते, हे कोणत्याही वेदनाशमन केंद्रातल्या परिचारिकेला विचारावे. म्हणून गट बांधायचा तो अमान्य मिश्रणांचा आणि विचित्र मात्रांचा. रुग्णाच्या औषधाचा नव्हे.

खरे भोक मात्र याहून जुने आहे. १९४० च्या कायद्याच्या उद्देशिकेत चार शब्द आहेत: आयात, निर्मिती, वितरण, विक्री. निर्यात नाही. तेव्हा भारत औषधे आणत होता, पाठवत नव्हता. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना पालघर जिल्ह्यातली तारापूरची एमआयडीसी स्वप्नातही दिसली नसेल. आज जग आपल्याला औषधालय म्हणते आणि आपण ते भाषणात अभिमानाने सांगतो. निर्यातीचे नियंत्रण मात्र नियम, परिपत्रके आणि ना-हरकत प्रमाणपत्रे यांच्या ठिगळांवर चालले आहे. २०२२ मध्ये गांबियात कफ सिरपनंतर साठाहून अधिक मुले दगावल्याचे प्रकरण झाले, मग जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपची तपासणी सक्तीची. पालघर झाले, मग या एका मिश्रणाचे प्रमाणपत्र रद्द. जिथे बातमी आली तिथे ठिगळ.

तारापूरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या बोईसरमध्ये राहणाऱ्याला याची आणखी एक बाजू दिसते. तिथे फॅक्टरीला कोणी फॅक्टरी म्हणत नाही, ‘कंपनी’ म्हणतात. अमुक कंपनीत आहे, तमुक कंपनीत ठेकेदाराकडे आहे. सकाळी स्टेशनबाहेर आणि शिफ्ट सुटताना एमआयडीसीच्या रस्त्यांवर गर्दी असते ती अशा कंपन्यांच्या माणसांची. यातले बहुतेक कारखाने सरळ, कायदेशीर धंदा करतात, हे मुद्दाम सांगायला हवे, नाहीतर एका नावाने अख्खा पट्टा बदनाम व्हायचा. तर या पट्ट्यावर लक्ष ठेवायची आपली सवय काय आहे? सांडपाणी. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या पाण्यासाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली, वर्षानुवर्षे लढली आणि लवादाने कारखान्यांना कोट्यवधींच्या भरपाईचा दणका दिला. मच्छीमारांनी चिकाटीने मिळवलेला निकाल आहे तो. म्हणजे कंपनीच्या मागच्या नाल्यातून काय जाते हे विचारणारे कोणी तरी आहे. पण पुढच्या गेटातून ट्रकमध्ये काय जाते, हे विचारणारे गावात कोणी नाही. नाल्याला वास येतो. खोक्याला येत नाही.

कोणी विचारत नाही, असेही नाही म्हणा. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ल्युपिनच्या तारापूर कारखान्याची तपासणी केली आणि त्या सप्टेंबरात इशारापत्र धाडले. तिथे कच्ची औषधे बनतात, अमली काही नाही. आक्षेप उत्पादनाच्या शिस्तीबद्दलचे होते. मुद्दा असा, की गोळी ओहायोतल्या माणसाच्या तोंडात जाणार असेल तर वॉशिंग्टनचा निरीक्षक बोईसरपर्यंत येतो, नोंदवह्या चाळतो, यंत्राच्या कडेला बोट फिरवून बघतो. गोळी घानातल्या तमालेच्या पोराच्या तोंडात जाणार असेल तर तिथून कोणी येऊ शकत नाही. तमालेत काय झाले, तर एका स्थानिक प्रमुखाने शंभरेक स्वयंसेवकांचे पथक उभे केले आणि ते आपल्या गल्ल्यांत विक्रेत्यांवर धाडी घालू लागले, सापडलेल्या गोळ्या लोकांसमोर जाळू लागले. पालघरच्या परवान्याची जबाबदारी घानाच्या गल्लीतले स्वयंसेवक पार पाडत होते.

यावर नेहमीचे उत्तर असते: त्यांच्या देशात काय चालते ते त्यांनी बघावे, आपण इथे विकत नाही ना! हे उत्तर देणाऱ्यांनी मालेगावात ‘कुत्ता गोळी’ कशाला म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ कशाला म्हणतात, हे तिथल्या ठाणेदाराला विचारावे. अल्प्राझोलाम आणि नायट्राझेपाम; दोन्ही खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या गोळ्या, खऱ्या पाकिटात, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. नशेच्या गोळीला नकली असण्याची गरज नसते, हे मराठवाड्या-खानदेशातल्या आयांना कायदा करणाऱ्यांच्या आधी कळलेले आहे. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, चांगले झाले. पण कुत्ता गोळीवर तो लावून स्कॅन केला, तर मोबाइल म्हणेल, माल अस्सल आहे.

कायदा काय असावा? लांबलचक मसुद्याची गरज नाही. जे औषध भारतात मान्य नाही, ते निर्यातीसाठी बनवायचे असेल तर घेणाऱ्या देशाच्या नियामकाने, त्या मिश्रणाला, त्या मात्रेत, मान्यता दिल्याचा कागद आधी हवा; तो कागद खरा आहे की नाही हे इथल्या नियामकाने तिथल्या नियामकाला विचारून घ्यावे, निर्यातदाराच्या फायलीतली झेरॉक्स पाहून नव्हे. पालघरच्या छाप्यानंतर केंद्राने या दिशेने पावले टाकली आहेत, पण परिपत्रकाने आलेले परिपत्रकाने जाते. ते कायद्यात यावे, आणि उद्देशिकेत पाचवा शब्द यावा. दुसरे, अशी मान्यता नसलेले नशाकारी मिश्रण बनवणे हा ‘इतर उल्लंघन’ नसून स्वतंत्र गुन्हा असावा, शिक्षा बनावटगिरीइतकीच. तिसरे, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि दिलेल्या परवानग्यांची यादी संकेतस्थळावर असावी. आज पालघरच्या एखाद्या कंपनीला कोणकोणती उत्पादने निर्यातीसाठी मंजूर आहेत हे शोधायला बीबीसीला लंडनहून यावे लागते.

काही कारखानदार म्हणतील, इथे न लागणारी पण तिथे लागणारी औषधे असतात. आफ्रिकेतल्या आजारांसाठी आपण गोळ्या करतो त्या बंद पडतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि म्हणूनच अट ‘इथे मान्य’ अशी नाही, ‘इथे किंवा तिथे मान्य’ अशी आहे. टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉल इथेही मान्य नव्हते आणि तिथेही नव्हते. एवढी साधी चाळणीसुद्धा लावलेली नव्हती.

पालघर जिल्ह्यातून विधानसभेत सहा आमदार जातात. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई. एमआयडीसीच्या पाण्याचे, रस्त्यांचे, स्थानिकांच्या नोकऱ्यांचे प्रश्न त्यांना चांगले माहीत आहेत. कारखान्याला परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते आणि त्या खात्याचा मंत्री त्याच सभागृहात बसतो. एव्हिओच्या मिश्रणाला निर्मितीची परवानगी कोणत्या तारखेला, कोणत्या देशाच्या कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने मिळाली आणि अशा आणखी किती परवानग्या आज चालू आहेत, हा तारांकित प्रश्न सहांपैकी कोणीही लावून धरू शकतो.